भिलाईचा माणूस आपली ओळख कशी सांगतो

नाव सांगून झाले की अनोळखी माणसाशी बोलणे पुढे नेण्यासाठी चार विषय हमखास हाताशी असतात: गाव, खाणेपिणे, घरातली जनावरे आणि छंद. परकी भाषा शिकवणाऱ्या पहिल्या पुस्तकातला 'माझी ओळख' हा धडा याच विषयांवर उभा असतो. वसतिगृहातल्या नव्या खोलीत, आगगाडीच्या डब्यात किंवा बदलीच्या गावी शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा चहाला गेल्यावरही बोलणे याच वाटेने जाते. हे विषय खरे असतात, पण सांगणाऱ्याला उघडे पाडत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला लगेच उलट प्रश्न विचारता येतो. अर्विन ऑल्टमन आणि डॅल्मस टेलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडले की ओळख बाहेरच्या थराकडून आतल्या थराकडे सावकाश जाते. राहण्याचे ठिकाण आणि आवडीनिवडी बाहेरच्या थरात असतात, तर भीती, श्रद्धा आणि जिव्हारी लागलेल्या गोष्टी फार आत.

त्याआधी १९५४ मध्ये मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या समाजशास्त्रज्ञांनी एक साधी चाचणी तयार केली होती. 'मी कोण?' या प्रश्नाची वीस उत्तरे कागदावर लिहायची, एवढेच. बहुतेकांनी आधी विद्यार्थी, मुलगी, अमुक धर्माचा अशी कोणालाही कळणारी उत्तरे लिहिली आणि ती संपल्यावरच स्वभावाकडे वळले. माणूस स्वतःला आधी कुठल्या तरी समूहात बसवतो, मग त्यातून वेगळा काढतो. मराठी समाजात तर हा समूह पुष्कळदा आडनावातच असतो. 'कर' लागले की गाव आलेच, आणि नाही लागले तर 'मूळचे कुठले?' हा प्रश्न ठेवलेला असतो.

पण ज्या शहरात जवळजवळ प्रत्येक जण बाहेरून आला, तिथे या प्रश्नाचे उत्तर कसे देतात? छत्तीसगडमधले भिलाई हे असे शहर आहे. तिथली ओळख सांगण्याची रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण ती दोन-तीन पिढ्यांतच घडली.

भिलाईत पोलाद कारखाना उभारण्याचा भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातला करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि दुर्ग वेगळ्या राज्यांत गेले. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून, चुनखडी नंदिनीहून आणि माणसे देशभरातून अशी या कारखान्याची जुळणी होती. तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया, बिहारी, उत्तर प्रदेशी आणि मराठी कुटुंबे एकाच वेळी एकाच माळावर येऊन राहिली. हा माळ मोकळा मात्र नव्हता. तिथे खेडी होती आणि त्यांची शेते कारखान्यासाठी गेली. तिथले शेतकरी सुरुवातीला कारखान्यात कामाला जायला बिचकत. भट्टीला नरबळी लागतो अशी अफवा त्या काळी पसरल्याची नोंद मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी केली आहे. पॅरी यांनी भिलाईच्या कामगारांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि २०२० मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

कामगारांसाठी वसलेली टाउनशिप सेक्टरांत विभागलेली आहे. रुंद सरळ रस्ते, दुतर्फा झाडे, ठरावीक नमुन्याचे क्वार्टर, मागे थोडी मोकळी जागा. पत्ता असा सांगतात: सेक्टर ६, सडक अमुक, क्वार्टर नंबर अमुक. भिलाईचे दोघे परगावी भेटले की पहिला प्रश्न 'कौन-सा सेक्टर?' आणि दुसरा 'कौन-सी सडक?' असतो. त्यानंतर शाळेचे नाव येते आणि बहुधा एखादा समान मित्र निघतो. नेहमीच्या मराठी प्रश्नापेक्षा या प्रश्नाला एक मोठी सोय आहे. आडनावातून जात कळते, सेक्टरातून कळत नाही. एका सडकेवर कोणत्या प्रांताचे, कोणत्या जातीचे लोक राहणार हे कारखान्याच्या वाटपावर ठरे, नातेवाईकांच्या सोयीवर नव्हे. शेजार निवडून मिळत नव्हता, म्हणून तो मिसळलेला झाला.

तरी सेक्टर हा पूर्ण निरपेक्ष पत्ता मानता येत नाही. क्वार्टरचा आकार हुद्द्याप्रमाणे मिळे. 'बत्तीस बंगला' म्हटले की वरिष्ठ अधिकारी हे ऐकणारा ओळखतो. टाउनशिपच्या बाहेरची सुपेला, खुर्सीपार किंवा जामुल ही नावे आली की वेगळा अंदाज बांधला जातो. पॅरी यांनी नोंदवलेला 'नौकरी' आणि 'काम' हा भेद इथे लागू पडतो. कारखान्यातली कायम नेमणूक म्हणजे नौकरी, ठेकेदाराकडची किंवा रोजंदारीची मजुरी म्हणजे काम. दोघे एकाच भट्टीजवळ घाम गाळत असले तरी ओळख सांगताना त्यांच्यात अंतर पडते. भिलाईच्या मिसळीचे कौतुक करताना हे अंतर विसरू नये.

आणखी एक अडचण आहे. क्वार्टर कंपनीचे असते. काही घरे पुढे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिली गेली, पण सर्वसाधारण नियम निवृत्तीनंतर घर सोडण्याचा. त्यामुळे नेहरूनगर, स्मृतीनगर, रिसाली अशा वस्त्या निवृत्तांच्या घरांनी भरल्या. ज्या सडकेवर बालपण गेले त्या सडकेवर पुढे आपले काहीच नसते. गाव आहे पण वाडा नाही, अशी ही स्थिती. म्हणून भिलाईतल्या पहिल्या पिढीची ओळख दुहेरी असे: राहायला भिलाई, मूळचे भंडारा, गोंदिया किंवा विजयनगरम. दुसऱ्या पिढीने हे मूळ गाव सुट्टीत पाहिले. तिसऱ्या पिढीला ते आजोबांच्या बोलण्यातून माहीत आहे.

मराठी माणसाला हा प्रदेश तसा परका नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १९०० साली पेंड्राहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी घरातले होते आणि त्यांनी लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. भिलाईच्या पश्चिमेला, नागपूरच्या वाटेवरच असलेल्या राजनांदगावात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. हिंदीतले ते थोर कवी, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी. एकाच घरातील दोन भावांच्या साहित्यिक ओळखी दोन भाषांत विभागल्या गेल्या. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ स्वातंत्र्यपूर्व काळापासून चालू आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावर दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड ही स्थानके मागे पडली की गोंदिया येते. एवढ्या जवळच्या प्रदेशात घरात मराठी, सडकेवर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी बोलणारे मूल वाढले तर त्यात नवल नाही.

छत्तीसगडच्या खेड्यांत ओळखीची एक फार सुंदर रीत आहे आणि तिचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. तिला मितान बदणे म्हणतात. दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी विधिपूर्वक मैत्री जोडतात आणि त्यानंतर एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मुली टोपलीत उगवलेले गव्हाचे पिवळसर कोंब, म्हणजे भोजली, विसर्जनाला नेतात. त्यातले चार कोंब एकमेकींच्या कानावर खोचले की त्या जन्मभर एकमेकींच्या 'भोजली' होतात. रथयात्रेला मोड आलेले मूग देऊन 'गजामूंग', पुरीचा प्रसाद देऊन 'महाप्रसाद' आणि गंगेचे पाणी देऊन 'गंगाजल' असे नाते जुळते. मितानाचे आईवडील 'फूलदाई' आणि 'फूलददा' होतात आणि सुखदुःखात दोन्ही घरे सख्ख्यासारखी वागतात. हे नाते जातीबाहेर जोडता येते, हे त्याचे मोठेपण. कारखाना येण्याच्या कितीतरी आधी या मातीत अनोळखी घराला आपले करण्याची सोय होती.

गावानंतर येते खाणे. छत्तीसगढी बायका भेटल्या की 'का साग रांधे हस?' म्हणजे आज कुठली भाजी केलीस, असे विचारतात. हा प्रश्न खुशालीच्या जागी येतो आणि त्याला खरे, तपशीलवार उत्तर अपेक्षित असते. ते उत्तर लांबू शकते, कारण पालेभाज्या पुष्कळ आहेत: लाल भाजी, चेच, करमता, तिवऱ्याची कोवळी पाने, बोहार. अळूची पाने उडदाच्या वाटणात गुंडाळून वाफवतात आणि आंबट कढीत सोडतात, त्याला इढर म्हणतात. टोमॅटोला इथे पताल म्हणतात आणि पतालची चटणी ताटात असावीच लागते.

ताटाचा पाया तांदूळ. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी या भागातून भाताच्या हजारो स्थानिक जाती जमवल्या, त्यांची संख्या एकोणीस हजारांच्या आसपास सांगितली जाते. मराठी घरांत सकाळी लागणाऱ्या पोह्यांशीही या प्रदेशाचा संबंध आहे, कारण रायपूरच्या उत्तरेचे भाटापारा पोह्याच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तांदळाच्या पिठात मीठ, मिरची, कोथिंबीर घालून तव्यावर पसरलेला चीला मराठी घरात धिरडे म्हणून सहज खपेल. फरा मात्र वेगळा. शिजलेला भात आणि तांदळाचे पीठ एकत्र मळून बोटाएवढ्या लांब गुंडाळ्या करतात, त्या वाफवतात आणि वरून तीळ, मोहरी, कढीपत्त्याची फोडणी देतात. बाहेरून किंचित खरपूस आणि आतून मऊ असा फरा गरम असतानाच खावा. सणाला ठेठरी आणि खुरमी होते. पहिली बेसनाची खारी, दुसरी गूळ घातलेली गोड.

या सर्वांत ओळखीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पदार्थ अगदी साधा आहे: बोरे-बासी. शिजलेला भात पाण्यात भिजवून त्याच दिवशी खाल्ला तर तो बोरे, रात्रभर ठेवून सकाळी खाल्ला तर बासी. सोबत कांदा, हिरवी मिरची, पतालची चटणी, लोणचे किंवा भाजी. रात्रभरात तो किंचित आंबतो, पोटाला थंड पडतो आणि उन्हात राबणाऱ्याला पाणी, मीठ आणि भात एकदमच मिळतो. शेतावरच्या माणसाचे हे जेवण शहरात सांगायला लोक संकोचत. २०२२ च्या कामगार दिनी, १ मे रोजी, तेव्हाच्या राज्य सरकारने लोकांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि मंत्र्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांनी ते खातानाची छायाचित्रे दाखवली. त्यामागे राजकारणही होते. पण ज्या पदार्थाची लाज वाटत होती तो अभिमानाने सांगता येऊ लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

भिलाईच्या क्वार्टरांत मात्र एकट्या छत्तीसगडचे ताट कधीच नव्हते. एका बाजूला पोंगलचा वास, दुसऱ्या बाजूला सरसोंच्या तेलातला मासा, समोर पुरणपोळी. इंडियन कॉफी हाऊसचा डोसा सगळ्यांचाच. त्यामुळे 'तुमच्याकडे काय करतात?' या प्रश्नाला भिलाईच्या मुलाकडे दोन उत्तरे असतात, घरात काय होते ते आणि सडकेवर काय मिळत होते ते. दुसरे उत्तर पुष्कळदा अधिक रंगते.

जनावरांच्या बाबतीत शहर आणि खेडे यांत फरक पडतो. टाउनशिपमध्ये मागच्या अंगणात कुत्रा किंवा एखादी गाय असे. पिंजऱ्यातला पोपटही पूर्वी सर्रास दिसे. आज वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतीय जातीचा पोपट पाळणे गुन्हा आहे, हे अनेक घरांना अजून ठाऊक नसते. पोपटाचे इथल्या लोकजीवनात स्थान मोठे आहे. दिवाळीच्या सुमारास बायका टोपलीत धानाबरोबर मातीचा पोपट ठेवून त्याच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात आणि मनातले त्याला सांगतात. हा सुवा नाच.

खेड्यात जनावर म्हणजे आधी गाय-बैल. छत्तीसगडच्या मैदानी भागातली कोसली ही गायीची जात शासकीय नोंदीत स्वतंत्र जात म्हणून आहे. अंगाने लहान, थोड्या चाऱ्यावर तग धरणारी आणि भाताच्या चिखलात चालणारी. दिवाळीनंतर राऊत गुराखी मालकाच्या गायींच्या गळ्यात 'सोहई' नावाची हाताने विणलेली माळ बांधतात. मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचा वाटेल तो पोरा. महाराष्ट्रात श्रावण अमावास्येला पोळा होतो, त्याच दिवशी छत्तीसगडात पोरा असतो. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून ती भाद्रपदाची अमावास्या म्हणवते, इतकेच. मुलगे चाके लावलेले मातीचे बैल ओढत हिंडतात आणि मुली मातीच्या चूल-जात्याने खेळतात. विदर्भात दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या आणि दुर्गच्या मुलांना पहिले जनावर खेळण्याच्या रूपात मिळते आणि ते एकच असते, ही या दोन प्रदेशांच्या नात्याची चांगली खूण आहे.

भिलाईच्या प्रत्येक मुलाच्या आठवणीत मात्र एक जनावर सामायिक असते: मैत्रीबागेतला पांढरा वाघ. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून कारखान्याने ही बाग आणि प्राणिसंग्रहालय उभारले. पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. रंगाच्या एका अप्रकट जनुकाच्या दोन्ही प्रती आईबापांकडून आल्या की पिल्लू पांढरे निपजते. वाघ पाळता येत नाही, पण भिलाईची माणसे 'हमारे मैत्रीबाग का शेर' असे म्हणतात ते अगदी घरच्या जनावरासारखे.

छंदांवर कारखान्याच्या पाळ्यांचा ठसा आहे. पहाटेची, दुपारची आणि रात्रीची अशा आठ-आठ तासांच्या पाळ्या फिरत राहतात. ज्याची रात्रपाळी, त्याचे मैदान सकाळी. ज्याची पहाटेची, त्याची तालीम संध्याकाळी. कारखान्याने मैदाने, वाचनालये आणि कलामंदिर दिले, सिव्हिक सेंटरमध्ये नेहरू आर्ट गॅलरी उभी राहिली, आणि वेगवेगळ्या प्रांतांच्या लोकांनी आपापल्या नाटकमंडळ्या आणल्या. चित्रपट दिग्दर्शक अनुराग बसू यांचा जन्म भिलाईतला आणि त्यांचे आईवडील नाटकवाले.

छंदाचे पोटापाण्याशी आणि मग देशाच्या ओळखीशी कसे नाते जुळते याचे भिलाईतले सर्वांत मोठे उदाहरण तीजनबाई. भिलाईजवळच्या गनियारी गावात १९५६ साली पारधी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आजोबांकडून महाभारताच्या कथा ऐकून त्या पंडवानी, म्हणजे या कथांचे गायन, शिकल्या आणि वयाच्या तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्या वेळी बायका बसून, वेदमती शैलीत गात. तीजनबाई उभ्या राहिल्या. त्यांनी पुरुषांची मानली जाणारी कापालिक शैली उचलली. हातातला तंबोरा एका क्षणी भीमाची गदा होतो, दुसऱ्या क्षणी अर्जुनाचा रथ. त्यासाठी त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. पुढे नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी त्यांची कला ओळखली, भिलाई पोलाद कारखान्याने नोकरी दिली आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. सतनामी समाजाचे पंथी नृत्य देशोदेशी नेणारे देवदास बंजारेही याच परिसरातले. भिलाईने परगावच्या लोकांना घर दिले हे सगळे सांगतात. इथल्या मूळ लोकांच्या कलेने भिलाईला जगात नाव दिले, हे तितक्याच ठळकपणे सांगायला हवे.

आता शहर बदलते आहे. कारखान्यातले कायम कर्मचारी १९८० च्या दशकात साठ हजारांच्या वर होते, आज ते त्याच्या निम्म्याहूनही कमी आहेत. २०१६ मध्ये आयआयटी भिलाई सुरू झाली, पण शाळा संपवून पुणे, बंगळुरू, हैदराबादला जाणाऱ्या मुलांचा ओघ मोठा आहे. त्यांतल्या मराठी मुलांना पुण्यात 'भिलाई ठीक, पण मूळचे कुठले?' असे विचारले जाते. ज्याचे आजोबा १९५८ साली भंडाऱ्याहून आले आणि ज्याने भंडारा एकदाच पाहिले, त्याच्याकडे या प्रश्नाचे दुसरे खरे उत्तर नसते. त्याची सडक, फरा, मातीचे बैल आणि मैत्रीबाग भिलाईची आहेत. त्याने 'मूळचा भिलाईचा' असे सांगितले तर विचारणाऱ्याने ते पूर्ण उत्तर समजावे आणि पुढचा प्रश्न विचारावा: कुठला सेक्टर?